खिडकीचा जीव मुठीत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, तुमच्या घराला खिडक्या किती, असे कुणी विचारले तर तुम्ही बोटांवर मोजून लगेच सांगाल. त्यातल्या पूर्ण उघडतात किती आणि नीट लागतात किती, असे विचारले तर मात्र जरा थांबावे लागेल. माजघरातल्या खिडकीची एक झडप पावसाळ्यात फुगते, म्हणून वर्षभर बंदच असते. स्वयंपाकघरातल्या खिडकीची मूठ तुटली तेव्हापासून ती तारेने बांधलेली आहे. मागच्या खोलीतली कडी कोयंड्यात बसत नाही, म्हणून तिथे एक वीट टेकवलेली असते. आणि सांदवाडीकडची खिडकी? ती कुणी आणि कधी खिळा मारून बंद केली, हे आता घरात कुणालाच आठवत नाही.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षे सुतारकाम शिकवले. निवृत्त झाल्यावरही लोक घरी बोलावतात. नवे कपाट करून द्या म्हणून फार थोडे बोलावतात. बहुतेकांचे म्हणणे एवढेच असते, ‘गुरुजी, जरा आमची खिडकी बघता का?’ या सगळ्या खिडक्या बघून माझे एक मत पक्के झाले आहे. घर बांधताना आपण खिडकीवर हजारो रुपये खर्च करतो आणि पुढे मूठ, कडी, बिजागरी, स्क्रू असले चिल्लर सामान झिजले की त्या सगळ्या खर्चावर पाणी सोडतो. जी उघडत नाही ती खिडकी भिंतीतच जमा झाली, आणि जी लागत नाही ते भिंतीला पडलेले भोक.

हे नुकसान किती मोठे आहे ते साध्या हिशेबाने पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांच्या उघड्या जागेचे प्रमाण दिलेले आहे. उष्ण आणि कोरड्या हवामानात खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश, आणि उष्ण व दमट हवामानात एक षष्ठांश. आपल्या गोंदियाला मे महिन्यात पहिले हवामान असते आणि ऑगस्टमध्ये दुसरे. दहा बाय बाराची खोली धरली तर जमीन झाली १२० चौरस फूट. म्हणजे उघडी जागा हवी १२ ते २० चौरस फूट. चार बाय तीनची एक खिडकी असेल तर ती जेमतेम बारा फूट देते. तिची एक झडप खिळ्याने बंद केली, की उरले सहा फूट. खोली तीच, माणसे तितकीच आणि हवा मात्र अर्धी.

जिथे चूल पेटते तिथे हा हिशेब फुप्फुसांवर येतो. गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आली, तरी अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक अजून लाकडावरच होतो. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खोकल्यातून पसरणाऱ्या क्षयासारख्या रोगालाही कोंदट खोली मानवते. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, डॉक्टर मंडळी खिडक्या उघड्या ठेवा असे घसा फोडून सांगत होती. ज्यांच्या खिडक्या गंजून चिकटल्या होत्या त्यांना तो सल्ला ऐकण्यापलीकडे काही करता आले नाही.

पण खिडकी उघडण्याइतकीच ती लागणेही महत्त्वाचे आहे. आपला जिल्हा तलावांचा, धानाचा आणि जंगलाचा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांतल्या लोकांना हिवताप काय असतो ते वेगळे सांगायला नको. हिवतापाचा डास दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका आपण झोपलेलो असताना. धान पोटरीवर आले की दिवाळीच्या सुमारास तुडतुड्यांचे थवे दिव्यावर येतात. त्या दिवसांत खिडकी लागली नाही तर ताटातल्या भातावर कीड पडते. मळणीचा भुसा, पावसाची झड, ठेंगण्या खिडकीतून येणारा विंचू-साप आणि रात्रीचा चोर, हे सगळे त्याच न लागणाऱ्या फटीची वाट पाहत असतात.

आता आपल्याकडे हे सामान इतक्या लवकर का बिघडते? आपल्याकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडून मोकळा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लाकूड दमट हवेत ओल पिते आणि रुंदीत फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे झडप चौकटीत कधी घट्ट, कधी सैल होते आणि तिच्या स्क्रूची भोके दर वर्षी थोडी थोडी मोठी होतात. साग यात शहाणा. तो कमी हलतो आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे त्यातला खिळाही कमी गंजतो. ऐन किंवा इतर लाकडाला हे सोसत नाही. लोखंडाचे तर विचारूच नका. चार महिने ओल आणि वर उन्हाने तडकलेला रंग, एवढे गंजाला पुरते.

आता मुख्य मुद्दा. मूठ तुटली की आपण म्हणतो, ‘मूठच हलकी होती.’ दुकानात जातो, नवी आणतो आणि वर्षभरात तीही तुटते. हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे आहे. मूठ स्वतःच्या दोषाने क्वचितच तुटते. बिजागरी, म्हणजे आपल्याकडे ज्याला कब्जा म्हणतात ती, सैल झालेली असते. त्यामुळे झडप मोकळ्या बाजूने खाली उतरते. मग कडी कोयंड्याच्या खाली येते, मुठीची जीभ आपल्या खाचेत जात नाही. आपण झडप उचलतो, दाबतो, मूठ जोराने फिरवतो. हा रोजचा जोर बिचारी मूठ किती दिवस सोसणार?

आणि बिजागरी तरी का सैल होते? पुष्कळदा खिडकी उघडी धरणारा आकडा गायब असतो म्हणून. लाकडी खिडकीला तो हुकासारखा असतो. लोखंडी खिडकीला भोकांची पट्टी असते, ती खुंटीत अडकवायची. वैशाखात दुपारचे वादळ उठते, उघडी झडप भिंतीवर आपटते, पुन्हा चौकटीवर आपटते. प्रत्येक आपटीचा हिसका बिजागरीच्या स्क्रूंना बसतो. सगळ्यात स्वस्त वस्तू तो आकडा. तो नाही म्हणून बिजागरी जाते, बिजागरी गेली म्हणून मूठ जाते, मूठ गेली म्हणून खिळा येतो आणि खिळ्याने खिडकी जाते. म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा धरा. आधी आकडा, मग बिजागरी आणि शेवटी मूठ.

तपासणी सोपी आहे. झडप हळूच लावा आणि चौकटीतली फट वरपासून खालपर्यंत पाहा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा सगळीकडून सारखा सरकला पाहिजे. मोकळ्या कोपऱ्यात वर फट मोठी आणि खाली झडप घासत असेल, तर झडप उतरली आहे असे समजा. मग झडप अर्धी उघडून मोकळ्या टोकाला धरून जरा वर उचला. बिजागरीचे पान लाकडापासून सुटताना दिसले तर स्क्रू सैल आहेत. पान घट्ट आहे पण मधला खिळाच डुलतो आहे, तर बिजागरी झिजली, ती बदलायची.

स्क्रू सैल असतील तर नुसते आवळून उपयोग नाही. भोक मोठे झालेले असते, स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. इथे आपल्या जिल्ह्यात मुबलक असलेली वस्तू कामाला येते, ती म्हणजे बांबू. वाळलेल्या बांबूच्या बारीक काड्या काढा, त्यांना सुताराचा पांढरा गोंद लावा आणि भोकात घट्ट ठोकून बसवा. बाहेर आलेली टोके पटाशीने सपाट करा. एक दिवस वाळू द्या. मग गिरमिटाने किंवा ड्रिलने स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण चोळले तर तो सहज जातो. जमल्यास जुन्यापेक्षा थोडा लांब स्क्रू घ्या, म्हणजे त्याला आत ताजे लाकूड सापडेल. बिजागरीचे सगळे स्क्रू एकदम काढू नका. एका वेळी एक काढा, म्हणजे झडप जागची हलणार नाही.

जुने स्क्रू गंजून बसलेले असतात. पेचकस घसरला की डोक्याची खाच जाते आणि मग आपलेच डोके फिरते. आधी खाचेतला रंग टोकदार खिळ्याने साफ करा. गंजावरचे तेल किंवा रॉकेल मिळाले तर त्याचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी पेचकस खाचेत नीट बसवून त्याच्या मागे हातोडीचे दोन हलके ठोके द्या. मग स्क्रू प्रथम आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवा, नंतर सोडवा. आवळताना गंजाची पकड मोडते.

आता फुगलेल्या झडपेविषयी. ऑगस्टमध्ये खिडकी अडू लागली की घरातला कुणीतरी उत्साही माणूस रंधा घेऊन उभा राहतो. त्याचा हात धरा. पावसाळ्यात फुगलेले लाकूड रंधले तर तेच लाकूड मे महिन्यात आकसते आणि चौकटीत बोटभर फट पडते, त्यातून लू आणि धूळ आत येते. तोवर घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा पाहा. अडचण बहुधा आपोआप गेलेली असते. तरीही घासत असेल तर अगदी पातळ छिलका काढा. आणि एक गोष्ट पाहा. झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडेला कधी रंग लागला होता का? रंगारी समोरचे रंगवतो, तिथे त्याचा कुंचला पोहोचत नाही. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पिते ते याच कडांमधून, कारण तिथे रेषांची तोंडे उघडी असतात. त्या कडांना दोन हात रंग द्या.

लोखंडी खिडक्यांची गोष्ट थोडी निराळी. लोखंडी सेक्शनच्या खिडक्यांचा प्रघात विलायतेतला. तिकडे क्रिटॉल नावाच्या कारखान्याने १८८४ साली अशा खिडक्या करायला घेतल्या. आपल्याकडे शाळा, सरकारी क्वार्टर आणि स्लॅबची घरे यांत त्या सर्रास दिसतात. यांची मूठ झडपेच्या पट्टीला रिबेटाने जोडलेली असते. रिबेट ढिली झाली तर मागे जड लोखंडाचा आधार देऊन पुढून हातोडीने हलके ठोकले की ती पुन्हा धरते. मुठीची जीभ झिजली असेल तर चौकटीवर जिथे ती टेकते तिथे पितळी पत्र्याची पातळ पट्टी बसवली, की काही वर्षे निभावते. मूठ मोडलीच असेल तर रिबेटचे डोके कानशीने घासून काढायचे आणि नवी मूठ नटबोल्टने बसवायची. नट दोन लावायचे, एकावर एक, म्हणजे रोजच्या फिरवण्याने ते सुटत नाहीत.

लोखंडी खिडकी लागत नाही याचे कारण अनेकदा रंगही असतो. दर दिवाळीला एक हात याप्रमाणे पंधरा-वीस थर बसलेले असतात. आतल्या कडांवरचा रंग खरवडला की खिडकी निम्म्याने हलकी होते. गंज काढून रेड ऑक्साइड लावा, ते वाळल्यावर ऑइल पेंट. मुठीचा खिळा, बिजागरीचा खिळा आणि पट्टीची खुंटी मात्र रंगवू नका. तिथे तेलाचा थेंब हवा. काचेभोवतीची लांबी तडकली असेल तर तीही नवी भरा, कारण पाणी तिथून आत शिरते आणि खालची पट्टी कुजवते. बिजागरी वेल्डिंगची असून ती सुटली असेल तर वेल्डरला बोलावण्याआधी काच काढून ठेवा. त्या उष्णतेने काच तडकते.

गोंदिया शहरात आणि तालुक्याच्या गावांत आता ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या खूप झाल्या आहेत. ती सरकत नाही म्हणून आपण मूठ ओढतो आणि लॉक तोडतो. खरा दोष खाली, पन्हाळीत असतो. तिथे धूळ, भुसा आणि मेलेले किडे यांचा थर बसतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती साफ करा. पन्हाळीत बाहेरच्या बाजूला पाणी जाण्याची छोटी भोके असतात, ती काडीने मोकळी करा. ती बुजली की पावसाचे पाणी आत भिंतीवर उतरते. इथे खोबरेल किंवा यंत्राचे तेल घालू नका, कारण त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. सिलिकॉनचा फवारा मिळतो, तो थोडासा पुरे. एवढे करूनही झडप जड चालली तर खालची चाके झिजली आहेत. ती बदलता येतात. पण त्यासाठी झडप उचलून बाहेर काढावी लागते. वरच्या मजल्यावर हे काम एकट्याने कधीही करू नका.

पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसीच्या खिडक्यांत मूठ फिरवली की आतली लांब पट्टी सरकते आणि दोन-तीन ठिकाणी कुलूप बसते. या मुठी बऱ्याच अंशी एकाच मापाच्या असतात. मागची चौकोनी दांडी ७ मिलिमीटर जाडीची आणि दोन स्क्रूंमधले अंतर ४३ मिलिमीटर. फरक पडतो तो दांडीच्या लांबीत, तेवढी मोजून घ्या. स्क्रू मुठीच्या बुडाशी असलेल्या झाकणाखाली लपलेले असतात. मूठ आडवी केली की झाकण फिरते. मूठ काढल्यावर त्या भोकात नवी दांडी घालून पकडीने हलके फिरवून पाहा. सहज फिरली तर दोष जुन्या मुठीत होता. आतच अडत असेल तर आतल्या गिअरचे काम आहे, ते कारागिराला दाखवा.

मुठीची निवड करताना बरेच जण तिचा चकाकता रंग पाहतात. खरे तर ती कुणाच्या हातात जाणार आहे ते पाहिले पाहिजे. देवरीकडच्या एका गावात एक आजी एकट्या राहत. स्वयंपाकाच्या खोलीला एकच खिडकी आणि ती खिळ्यांनी बंद. भिंती काळ्या, आजींना खोकला. आम्ही खिळे काढतो म्हटले तर त्या काढू देईनात. ‘मंग रात्रीले चोर आला त म्या काय करू?’ असा त्यांचा सवाल. त्यांचे म्हणणे बरोबर होते. पूर्वी तिथे वरच्या बाजूला एक बारीक चिटकणी होती. आजींचा हात तिथवर पोचत नसे आणि सांधे धरल्यामुळे त्यांच्या बोटांना तो बारीक दांडा सरकवता येत नसे. खिडकी त्यांना लावता येत नव्हती, म्हणून त्यांच्या मुलाने ती कायमची लावून टाकली होती. आम्ही बिजागऱ्या नीट केल्या, खालच्या बाजूला त्यांच्या छातीच्या उंचीवर मोठ्या कड्याची जाड चिटकणी बसवली. आख्ख्या मुठीने ओढता येईल अशी. आजींनी ती पाच-सहा वेळा लावून-उघडून पाहिली, मग म्हणाल्या, ‘आता काढा खिळे.’ पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खिडकी उघडी होती आणि आजींची तक्रार होती की तिच्यातून शेजारणीची मांजर येऊन दूध पिऊन जाते. त्यावर उपाय म्हणून जाळी बसवून दिली.

तेव्हा घरात म्हातारी माणसे असतील, कुणाचा हात अधू असेल, तर लांब दांड्याची, पूर्ण हातात मावणारी मूठ घ्या. लहान मुले असतील आणि खिडकी वरच्या मजल्यावर असेल तर गज नसलेल्या झडपेला ती चार बोटांपेक्षा जास्त उघडणार नाही असा अटकाव लावा आणि मूठ मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

दुकानात जाताना जुनी वस्तू काढून बरोबर न्या. तोंडी वर्णन करून आणलेली मूठ दहापैकी आठ वेळा परत करावी लागते. नेता येत नसेल तर चार मापे लिहून घ्या. स्क्रूच्या भोकांमधले अंतर, पट्टीची लांबी-रुंदी, जिभेची किंवा दांड्याची लांबी आणि मूठ डावी की उजवी. आपले दुकानदार इंच आणि सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही. चिटकणीसाठी आयएस २०४ आणि लोखंडी बिजागरीसाठी आयएस १३४१ अशी भारतीय मानके आहेत. त्यांचा शिक्का असलेला माल मिळाला तर तो घ्या. नाहीतर हाताने जोखा. बिजागरीची दोन पाने मिटून प्रकाशासमोर धरा. मधली फट सारखी असावी आणि खिळा डुलू नये.

ओलीच्या जागी, म्हणजे मोरीच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला, पितळ किंवा स्टेनलेस स्टील परवडते. पितळेचे कौतुक आपल्याला नवीन नाही. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत आपण भंडाऱ्याचेच होतो आणि भंडाऱ्याची पितळी भांडी सगळीकडे जातात. पितळी वस्तूला स्क्रूही पितळीच लावा. ओलीत पितळेला टेकलेला लोखंडी स्क्रू लवकर गंजतो. मात्र पितळी स्क्रू मऊ असतो, जोर दिला की मान मोडते. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा आणि मग पितळी बसवावा.

डासांची जाळी बसवण्याचा विचार असेल तर आधी मूठ पाहा. झडपा बाहेर उघडत असतील तर जाळी आतून येणार, आणि मग मुठीपर्यंत हात कसा पोचणार? अशा वेळी जाळीची चौकट बिजागरीवर किंवा चुंबकाच्या पट्टीवर उघडणारी करावी. नाहीतर जाळी लागते आणि खिडकी पुन्हा कायमची बंद होते. लोखंडी ग्रिलला एक उघडणारा भाग असतो, तो आग लागली तर बाहेर पडण्यासाठी. त्याला बाहेर-आत कुठेतरी कुलूप असते, ते गंजलेले असते आणि किल्ली सापडत नाही. आज घरी गेल्यावर एवढे कुलूप उघडून पाहा. तेल घाला आणि किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशा जागी टांगा.

जुना रंग खरवडताना एक काळजी घ्या. घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना बाधते. म्हणून असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला करून खरवडा, नाकातोंडाला फडके बांधा, मुलांना दूर ठेवा आणि खाली कागद अंथरून कचरा गोळा करा.

हे सगळे प्रत्येकाने स्वतःच केले पाहिजे असे माझे म्हणणे नाही. कुजलेली चौकट, वेल्डिंग, वरच्या मजल्यावरची काच ही कामे जाणत्या माणसाचीच. आणि त्याला बोलावल्यावर ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ असे म्हणू नका. एका कडीसाठी तो सायकलवर हत्यारे लादून गावाच्या टोकाहून येतो. लहान कामाचे पैसे मिळत नाहीत म्हणून सुतार-लोहारांची मुले ती कामे सोडून गेली आणि आता एक बिजागरी बदलायला माणूस मिळत नाही, म्हणून लोक आख्खी खिडकी बदलतात. त्यापेक्षा घरातल्या दोन-तीन लहान कामांची यादी करा आणि ती एकाच वेळी करून घ्या. त्याचा दिवस भरतो, तुमचेही काम होते. घरातल्या मुलाला आणि मुलीलाही जवळ उभे करून पाहू द्या. पेचकस धरायला शिकण्यासाठी कोणत्याही संस्थेत जावे लागत नाही.

या कामाला मुहूर्तही आहे. लाकडाची कामे दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत, हवा कोरडी असताना. रंग आणि लांबी रोहिणी-मृगाच्या आधी. तेल वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक खिडकीची प्रत्येक झडप एकदा पूर्ण उघडायची आणि एकदा पूर्ण लावायची. जी अडेल तिची त्याच आठवड्यात व्यवस्था करायची. त्याला तासभर लागेल आणि एखाददुसरा आकडा नाहीतर चार-दोन स्क्रू आणावे लागतील. शेतीची धांदल सुरू झाली की मग पुढचे चार महिने खिडकीकडे पाहायला कुणाला सवड होत नाही, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत तिची खरी गरज असते.